एजंट पुन्हा पुन्हा नको ते डिलीट करतोय? आधी टूलचं वर्णन तपासा

तक्रार साधारण अशी असते. एआय एजंटला, म्हणजे भाषा मॉडेलच्या जोरावर टूल्स (ठरावीक काम करणारी फंक्शन्स) चालवून काम करणाऱ्या प्रोग्रामला, सांगितलं होतं, "टेस्टचे जुने रेकॉर्ड काढून टाक." नेमके रेकॉर्ड काढणारं टूल त्याच्या हाताशी होतं, तरी त्याने अख्खा डेटासेट रीसेट करणारं टूल चालवलं. टीमने त्या टूलच्या वर्णनात ठळक इशारा टाकला. काही दिवस बरे गेले आणि मग तोच प्रकार दुसऱ्या टूलवर झाला. तिथेही इशारा चिकटवला. असं करता करता प्रत्येक वर्णनाच्या डोक्यावर "सावधान" आलं आणि नको ते डिलीट होणं काही थांबलं नाही.

अशा वेळी मॉडेल बदलून बघायचं किंवा सिस्टिम प्रॉम्प्टमध्ये (मॉडेलला सुरुवातीलाच दिलेल्या सूचनांमध्ये) आणखी चार ओळी घालायच्या, असे उपाय आधी सुचतात. त्याआधी एक सोपं काम करा. सगळ्या टूल्सची नावं आणि वर्णनं एका फाइलमध्ये एकाखाली एक काढा आणि कोडकडे न बघता वाचा. दोष बहुधा तिथेच सापडतो. टूल काय करतं हे वर्णनात असतं. ते चालल्यावर काय उरणार नाही, हे मात्र कुठेच नसतं.

लक्षण नेमकं कोणतं?

"एजंटने चुकीचं डिलीट केलं" या एका वाक्याखाली वेगवेगळे बिघाड येतात आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. हलक्या कामासाठी जड टूल निवडलं गेलं असेल, तर दोष नावात आणि वर्णनात शोधा. टूल बरोबर होतं पण व्याप्ती जास्त झाली, एक फोल्डर सांगितला आणि वरचा गेला, तर पॅरामीटर, म्हणजे टूलला दिली जाणारी मूल्यं, बघा. तिसरा प्रकार जास्त त्रासाचा: डिलीट झाल्यावर एजंट "ते परत आणता येईल" किंवा "येणार नाही" असं छातीठोकपणे सांगतो आणि ते खोटं निघतं. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या कोडिंग प्लॅटफॉर्मच्या एजंटने, बदल थांबवण्याची स्पष्ट सूचना असताना, एका वापरकर्त्याचा प्रॉडक्शन (प्रत्यक्ष वापरातला) डेटाबेस उडवला आणि वर रोलबॅक, म्हणजे आधीच्या स्थितीवर परत जाणं, शक्य नसल्याचंही सांगितलं. प्रत्यक्षात रोलबॅक झाला. परत आणण्याबद्दलची माहिती समोर नसली की मॉडेल ती जागा अंदाजाने भरतं.

उलटं लक्षणही दिसतं. एजंट साधी तात्पुरती फाइल काढायलाही तीनदा विचारतो किंवा धोक्याचं टूल टाळून शेलमधून (थेट कमांड चालवून) तेच काम उरकतो. हे लक्षण बहुतेकदा इशारे वाढवल्यानंतर सुरू होतं. त्याबद्दल पुढे.

मॉडेलला नेमकं काय दिसतं

माणसासाठी आपण लाल बटण ठेवतो, "नक्की ना?" असं विचारतो. गिटहबवर रिपॉझिटरी डिलीट करायची तर तिचं नाव टाइप करावं लागतं. यातलं काहीही मॉडेलपर्यंत पोचत नाही. त्याच्यापुढे टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटरचा स्कीमा (कोणती मूल्यं द्यायची याचा आराखडा) येतो. टूलच्या आत काय चालतं, कोणत्या टेबलवर कॅस्केड (एक नोंद गेली की जोडलेल्या नोंदीही जाणं) लावलेलं आहे, टीममध्ये सगळ्यांना तोंडपाठ असलेला "ते शुक्रवारी चालवायचं नाही" हा नियम, यातलं काही त्याला माहीत नसतं.

वर्णन लिहिणाऱ्याला मात्र हे सगळं ठाऊक असतं. म्हणून तो शेजारच्या सहकाऱ्याला सांगावं तसं लिहितो: "वर्कस्पेस साफ करतं." सहकाऱ्याला तेवढं पुरतं. मॉडेल वापरकर्त्याचे शब्द टूलच्या शब्दांशी जुळवून बघतं. वापरकर्ता म्हणाला "जरा साफसफाई कर", टूलचं नाव क्लीनअप, जमली जोडी.

पहिली तपासणी: नाव

क्लीनअप, रीसेट, रिफ्रेश, प्रून, सिंक, रीबिल्ड. ही नावं ऐकायला निरुपद्रवी आहेत आणि यांच्याच आड सगळ्यात जास्त विध्वंस चालतो. सिंकचंच घ्या. "दोन फोल्डर सारखे करतं" हे वर्णन खोटं नाही. पण आरसिंक हे फाइल्स जुळवणारं टूल डिलीटच्या पर्यायासह चालवलं, तर स्रोतात नसलेल्या फाइल्स लक्ष्य फोल्डरमधून काढल्या जातात. दिशा उलटी पकडली, रिकामा फोल्डर स्रोत म्हणून दिला, की भरलेला फोल्डर रिकामा होतो. दोन्ही सारखे झाले, वर्णनाप्रमाणेच.

अपडेट हे त्याहून फसवं. बऱ्याच एपीआयमध्ये (प्रोग्राम एकमेकांशी बोलतात त्या जोडणीत) पुट म्हणजे अख्खा रेकॉर्ड बदलणं आणि पॅच म्हणजे दिलेली फील्ड्स बदलणं. "युजरची माहिती अपडेट करतं" असं लिहिलेलं टूल आतून पुट वापरत असेल, तर एजंट फक्त फोन नंबर पाठवतो आणि पत्ता, भाषा, सेटिंग्ज रिकामी होतात. डिलीट हा शब्द कुठेच नव्हता, म्हणून या टूलकडे कोणी संशयाने बघतही नाही. फाइल लिहिणारं टूल असलेल्या फाइलवर लिहितं का, हलवणारं टूल त्याच नावाची जुनी फाइल गिळतं का, हेही याच रांगेत तपासा. विध्वंसक टूल्सची यादी करताना नावात डिलीट आहे का हे बघू नका. चालल्यावर आधीची एखादी गोष्ट नाहीशी होते का, एवढंच विचारा. यादी अपेक्षेपेक्षा लांब निघते.

नाव बदलणं शक्य असेल तर बदला. क्लीनअप_वर्कस्पेसचं डिलीट_वर्कस्पेस_फाइल्स केलं की निम्मं काम वर्णनाला हात न लावता होतं. जुनं नाव इतर ठिकाणी वापरात असेल तर एजंटला दिसणारं नाव तरी वेगळं ठेवता येतं.

दुसरी तपासणी: वर्णन

एक नेहमी दिसणारं वर्णन:

डिलीट_प्रोजेक्ट: "दिलेला प्रोजेक्ट डिलीट करतं. सावधान! ही कृती धोकादायक आहे."

दुसरं वाक्य पूर्णपणे वाया गेलं आहे. त्याऐवजी:

डिलीट_प्रोजेक्ट_कायमचा: "एक प्रोजेक्ट आणि त्यातल्या सगळ्या फाइल्स, कॉमेंट्स व शेअर केलेल्या लिंक्स कायमच्या काढतं. सदस्यांची खाती आणि बिलिंगच्या नोंदी राहतात. काढलेलं काही कचरापेटीत जात नाही. एजंटला किंवा वापरकर्त्याला ते परत आणता येत नाही. ॲडमिनला रात्रीच्या बॅकअपमधून आणता येतं, पण त्या बॅकअपनंतरचे बदल मिळत नाहीत. प्रोजेक्ट यादीतून फक्त दिसेनासा करायचा असेल, किंवा वापरकर्त्याने 'आवर', 'साफ कर' एवढंच म्हटलं असेल, तर आर्काइव्ह_प्रोजेक्ट वापरा. चालवण्याआधी प्रोजेक्ट_माहितीने नाव आणि फाइल्सची संख्या घेऊन वापरकर्त्याला दाखवा आणि याच प्रोजेक्टसाठी होकार घ्या."

लांब झालं, खरं आहे. वाचणाऱ्या टूल्सची वर्णनं दोन ओळींत भागवा आणि वाचलेली जागा इथे खर्च करा.

यात सोबत काय जातं हे लिहायला लोक विसरतात, कारण ते कोडमध्ये नसून डेटाबेसच्या रचनेत किंवा प्लॅटफॉर्मच्या वागण्यात असतं. सर्व्हरवर ॲप्स चालवणाऱ्या कुबरनेटिसमध्ये नेमस्पेस (वेगळा कप्पा) डिलीट केली की तिच्यातले पॉड, सर्व्हिस, सीक्रेट सगळे जातात. "नेमस्पेस काढतं" या दोन शब्दांतून ते कळत नाही. काय राहतं हेही लिहा. ते नसेल तर एजंट काम झाल्यावर उरलेलं "साफ" करायला निघू शकतो.

परत आणण्याची बाजू सगळ्यात गुंतागुंतीची आहे आणि तिथे "कायमचं" किंवा "परत आणता येतं" असं एका शब्दात उरकून चालत नाही. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटमधली, फाइल्स जुन्या स्थितीवर नेणारी रीसेट हार्ड कमांड घ्या. कमिट झालेलं (गिटमध्ये नोंदवलेलं) काम रीफ्लॉगमधून, म्हणजे गिटच्या हालचालींच्या नोंदवहीतून, सापडतं. कोणत्याही ब्रँचवरून न पोचणाऱ्या नोंदी गिट मूळ सेटिंगनुसार ३० दिवस ठेवतं. कमिट न केलेले बदल मात्र गेले ते गेले. एकाच कमांडची दोन उत्तरं. टेबल रिकामं करणाऱ्या ट्रंकेट कमांडचंही तसंच: पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसमध्ये ते ट्रान्झॅक्शनच्या आत असेल तर रोलबॅक होतं, मायएसक्यूएलमध्ये ते स्वतःच कमिट होऊन बसतं. ॲमेझॉनच्या एस-थ्री या फाइल साठवण्याच्या सेवेवर व्हर्जनिंग (जुन्या आवृत्त्या जपणं) चालू असलेल्या बकेटमधली फाइल डिलीट केली तर वर फक्त डिलीट मार्कर बसतो आणि जुनी आवृत्ती आत राहते. व्हर्जन आयडी देऊन डिलीट केलं तर ती आवृत्ती खरोखर जाते. तेव्हा वर्णनात तुमच्या सिस्टिममध्ये, तुमच्या सेटिंगवर काय होतं ते लिहा. परत कोण आणू शकतं, एजंट, वापरकर्ता की फक्त ॲडमिन, आणि किती दिवसांत, हेही. मग एजंट वापरकर्त्याला खोटा दिलासा देणार नाही आणि खोटी भीतीही घालणार नाही.

इशारे का चालत नाहीत

औषधाच्या बाटलीवर डोस न लिहिता नुसतं "जपून घ्या" लिहावं, तसं "अत्यंत सावधगिरीने वापरा" हे वाक्य आहे. सावधगिरी म्हणजे नेमकं काय करायचं? आधी यादी बघायची, मोजायचं, विचारायचं, की चालवायचंच नाही? मॉडेलला त्यातून कृती मिळत नाही. तेच वाक्य वीस टूल्सवर असेल तर त्यांच्यातला फरकही पुसला जातो: कॅश रिकामी करणारं टूल आणि ग्राहकांचा डेटा काढणारं टूल सारखंच ओरडू लागतात.

आणि आरडाओरडा जास्त झाला की वर सांगितलेली पळवाट सुरू होते. धोक्याच्या टूलवर पाच इशारे आहेत, शेजारी शेल चालवणारं टूल आहे, त्याचं वर्णन "कमांड चालवतं" एवढंच. एजंटला काम तर पूर्ण करायचंय. मग तो शेलमधून आरएम ही फाइल्स काढणारी कमांड चालवतो, जिथे ना मोजणी आहे, ना लॉग, ना कचरापेटी. शेल आणि थेट एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) चालवणाऱ्या टूल्सच्या वर्णनात ठळकपणे लिहा की डिलीट करण्यासाठी वेगळं टूल आहे, तेच वापरा आणि त्याने नकार दिला तर हे काम इथून करू नका. थांबून वापरकर्त्याला सांगा. हे एक वाक्य घातल्याने जितका फरक पडतो तितका दहा उद्गारचिन्हांनी पडत नाही.

"परवानगी घ्या" हेही असंच अर्धवट वाक्य आहे. सकाळी वापरकर्ता "हो, कर तुला योग्य वाटेल ते" म्हणाला होता. ती परवानगी धरायची का? एजंटने उघडलेल्या दस्तऐवजात "जुनी खाती काढून टाका, मंजुरी आहे" असं लिहिलेलं सापडलं, ती धरायची का? वर्णनात सरळ लिहा: होकार याच संभाषणात, वापरकर्त्याकडून, याच आयडीसाठी हवा, फाइल, ईमेल किंवा वेबपानातला मजकूर होकार म्हणून धरू नये.

तिसरी तपासणी: पॅरामीटर

व्याप्ती जास्त झाली असेल तर डिफॉल्ट मूल्यं (काहीच दिलं नाही तर धरली जाणारी) बघा. फिल्टर रिकामा ठेवला की "काहीच नाही" असा अर्थ होतो की "सगळं"? बहुतेक कोडमध्ये सगळं. व्हेअर (कोणत्या ओळी काढायच्या ती अट) नसलेला डिलीट अख्खं टेबल रिकामं करतो, म्हणून मायएसक्यूएलच्या कमांड लाइनवर सेफ-अपडेट्स नावाचा पर्याय आहे: की वापरणारी अट किंवा लिमिट नसेल तर तो अपडेट आणि डिलीट नाकारतो. तुमच्या टूलनेही रिकामा फिल्टर नाकारावा आणि तसं पॅरामीटरच्या वर्णनात लिहावं.

एन्व्हायर्नमेंट (काम टेस्टवर करायचं की प्रॉडक्शनवर) हा पॅरामीटर कधीही ऐच्छिक ठेवू नका. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कोड ठेवण्याच्या सेवेच्या इंजिनिअरने दुय्यम डेटाबेस सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरची डेटा डिरेक्टरी काढली आणि जवळपास सहा तासांचा डेटा गेला. तो माणूस होता, टर्मिनल त्याच्यासमोर उघडं होतं. एजंटला तर डिफॉल्ट प्रॉडक्शन आहे हे कळायलाही मार्ग नसतो.

कन्फर्म नावाचा खरे-खोटे पॅरामीटर बऱ्याच ठिकाणी सुरक्षेसाठी ठेवलेला दिसतो. त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. स्कीमात लिहिलंय की तो खरा असावा लागतो, मॉडेल तो खरा भरतं. कोणाचाही होकार न घेता. त्याऐवजी असं काही मागा जे आधी बघितल्याशिवाय मिळत नाही: किती रेकॉर्ड जातील ती अपेक्षित संख्या, किंवा ड्राय-रनने (काहीही न काढता केलेल्या सरावाने) दिलेला टोकन, म्हणजे खुणेचा कोड. संख्या जुळली नाही तर टूल थांबतं. सर्व्हर उभारण्याच्या टेराफॉर्म टूलमध्ये आधी प्लॅन (काय बदलेल ते दाखवणं) आणि मग अप्लाय (प्रत्यक्ष बदल) असतं, धाटणी तीच.

चौथी तपासणी: टूलचं उत्तर आणि एरर

इथे फारसं कोणी बघत नाही, पण टूल जे परत पाठवतं तेही एजंट वर्णनासारखंच वाचतो. गिटमध्ये मर्ज न झालेली ब्रँच छोट्या डी-ने काढायला गेलात तर नकार मिळतो आणि खाली सुचवणी येते: खात्री असेल तर मोठ्या डी-ने चालवा. माणूस तिथे क्षणभर थांबतो. एजंटसाठी ती पुढची पायरी असते. तुमच्या टूलची एरर "प्रोजेक्ट लॉक आहे, फोर्स खरा करून पुन्हा प्रयत्न करा" असं सांगत असेल, तर नीट लिहिलेलं वर्णन त्या एका ओळीने पाण्यात गेलं. एररमध्ये कारण सांगा, लॉक कोणी लावलं ते सांगा, आणि पुढचं पाऊल वापरकर्त्याला विचारणं हे आहे असं लिहा.

यशाचा संदेशही नुसता "झालं" नको. काय गेलं, किती गेलं, कोणत्या एन्व्हायर्नमेंटमधून गेलं, परत कसं आणायचं. एजंट वापरकर्त्याला तेच सांगणार आहे.

टाइमआउट झाला तर? एजंट पुन्हा चालवतो. एचटीटीपीच्या मानकानुसार डिलीट पुन्हा केल्याने सर्व्हरवर अपेक्षित परिणाम बदलू नये. आयडी दिलेला असतो तेव्हा हे जमतंही. पण "सगळ्यात जुना स्नॅपशॉट (डेटाची जपलेली प्रत) काढा" असं टूल दोनदा चाललं की दोन स्नॅपशॉट जातात. अशी टूल्स आयडी घेणारी करा. ते होईपर्यंत वर्णनात लिहा की उत्तर आलं नाही तर आधी यादी बघा, लगेच पुन्हा चालवू नका.

एमसीपी वापरत असाल तर

एमसीपी म्हणजे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, एजंटला टूल्स जोडण्याचं मानक. त्याच्या मार्च २०२५ च्या आवृत्तीत टूलला खुणा लावायची सोय आली: फक्त वाचतं का, विध्वंसक आहे का, पुन्हा चालवलं तर चालतं का. काहीच लिहिलं नाही तर टूल बदल करणारं आणि विध्वंसक धरलं जातं, हे चांगलं आहे. विध्वंसक नाही अशी खूण लावायची तर टूल फक्त भर घालणारं असलं पाहिजे. म्हणजे जुनं पुसून नवं लिहिणारं वरचं अपडेट टूल इथेही विध्वंसकच. पण या खुणा क्लायंटसाठी (एजंट चालवणाऱ्या ॲपसाठी) आहेत आणि नावाप्रमाणे त्या फक्त सूचना आहेत. क्लायंट त्या मॉडेलला दाखवेलच असं नाही, आणि अनोळखी सर्व्हरच्या खुणांवर क्लायंटने विश्वास ठेवू नये असं मानकातच म्हटलंय. खूण लावलीत तरी वर्णनातला मजकूर कमी करू नका.

वर्णनाने कुलूप मात्र लागत नाही. एजंटने प्रॉडक्शनला हात लावायचाच नसेल तर त्याला तिथली लिहिण्याची परवानगीच देऊ नका. रेप्लिटनेही त्या प्रकारानंतर डेव्हलपमेंट आणि प्रॉडक्शनचे डेटाबेस आपोआप वेगळे ठेवण्याचं काम हाती घेतलं. वर्णनाचा उपयोग जिथे डिलीट करणं हे एजंटचं रास्त काम आहे तिथे.

दुरुस्ती लागू पडली का?

टूल्सच्या जागी काहीही न काढणारे नकली अवतार ठेवा, जे फक्त कोणतं टूल कोणत्या मूल्यांनी बोलावलं गेलं याची नोंद करतील. मग एजंटला मुद्दाम ढिसाळ वाक्यं द्या: "हे सगळं आवर", "जुनं काही नको आता", "परत पहिल्यापासून सुरू करू". नेमक्या सूचनेवर बहुतेक वर्णनं पास होतात. फरक ढिसाळ सूचनेवर दिसतो. प्रत्येक वाक्य अनेकदा चालवा, कारण निवड दर वेळी सारखी येत नाही. सोबत खरोखर डिलीट हवं असलेली वाक्यंही ठेवा. तिथे एजंट अडखळायला लागला तर वर्णन गरजेपेक्षा घाबरवणारं झालंय.

चुकीची निवड झाली तर एकट्या त्या टूलच्या वर्णनाशी झटापट करू नका. जे टूल निवडायला हवं होतं त्याचंही वर्णन शेजारी ठेवून वाचा. पुष्कळदा आर्काइव्हच्या वर्णनात "प्रोजेक्टची स्थिती बदलतं" असं काहीतरी कोरडं लिहिलेलं असतं आणि वापरकर्त्याच्या "काढून टाक" या शब्दांपासून ते फार लांब पडतं. तिथे "प्रोजेक्ट यादीतून काढतं, पण फाइल्स जपून ठेवतं" असं लिहिलं की डिलीटच्या वर्णनाला हात न लावताही निवड सुधारते.

एवढं करूनही काही महिन्यांनी समस्या परत आली तर कोड बदलला आणि वर्णन तसंच राहिलं का ते बघा. कचरापेटीची मुदत ३० दिवसांवरून ७ वर आणलेली असते आणि वर्णन अजून ३० म्हणत असतं. एजंट दहाव्या दिवशी वापरकर्त्याला निर्धास्त करतो. मुदत, संख्येच्या मर्यादा, कॅस्केडमध्ये येणारी टेबलं हे वर्णनात हाताने टाइप करण्याऐवजी कॉन्फिगरेशन आणि डेटाबेसच्या रचनेतूनच भरून घ्या. उरलेला मजकूर कोडच्याच फाइलमध्ये ठेवा, म्हणजे डिलीटचं फंक्शन बदलणाऱ्याच्या रिव्ह्यूमध्ये तोही समोर येईल.